गाजलेले स्टँड-अप बिट्स: आतून कसे बांधलेत?

मागची_रांग

एखादा बिट (स्टँड-अपमधला एका विषयावरचा तुकडा) आवडला की आपण "काय भारी आहे!" म्हणतो आणि लिंक पुढे पाठवून मोकळे होतो. या धाग्यावर त्याच्या पुढे जाऊ. बिट कसा बांधलाय, कोणती गोष्ट प्रेक्षकाला कधी कळते आणि पंच, म्हणजे हसवणारा फटका, जिथे आहे तिथेच का बसतो, यावर लिहा. त्यासाठी जोक फोडून सांगावे लागतील. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांचा रसभंग होणार, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात अमेरिकन विनोदवीर जॉन मुलेनीपासून. २००९च्या 'द टॉप पार्ट' या अल्बममधला 'सॉल्ट अँड पेपर डायनर'. गोष्ट दोन ओळींची आहे. शिकागोतल्या एका खानावळीत तो आणि त्याचा मित्र, दोघंही शाळकरी वयाचे, ज्यूकबॉक्समध्ये (पैसे टाकले की निवडलेलं गाणं वाजवणारं यंत्र) पैसे टाकतात आणि टॉम जोन्सचं 'व्हॉट्स न्यू पुसीकॅट' २१ वेळा लावून ठेवतात. जागेवर जाण्याआधी मित्राच्या डोक्यात येतं की मध्ये एकदाच त्याच गायकाचं 'इट्स नॉट अनयुज्वल' घालूया.

यातली पहिली हुशारी म्हणजे मुलेनी काहीच लपवत नाही. २१ हा आकडा आणि मधलं ते एक वेगळं गाणं, दोन्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. म्हणजे आपल्याला सगळं माहीत आणि खानावळीतल्या गिऱ्हाइकांना काहीच नाही. हसू येतं ते 'आता काय होईल' यामुळे नाही, 'यांना कधी कळेल' यामुळे.

दुसरी हुशारी मोजणीत. तो २१ वेळा मोजत बसत नाही. दुसऱ्यांदा गाणं लागतं तेव्हा लोकांना वाटतं, हे गाणं आपल्याला वाटलं त्यापेक्षा बरंच लांब आहे. तिसऱ्यांदा शंका येते. चौथ्यांदा लोकांमध्ये दोन तट पडतात. पाचव्यांदा कॉफीच्या कपाकडे टक लावून बसलेला एक माणूस टेबलावर मूठ आपटतो. तिथून मुलेनी थेट सातव्यावर उडी मारतो आणि ते दुसरं गाणं लावतो. चार पायऱ्या सावकाश, मग उडी. सहावं आणि सातवंही तपशिलात सांगितलं असतं तर प्रेक्षक त्याच्या पुढे धावला असता. सात वेळा छळल्यावर लागलेलं ते गाणं लोकांना इतकं सुखावतं की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि मग आठव्यांदा पुन्हा पहिलंच गाणं. शेवटी अकराव्यानंतर ज्यूकबॉक्सची वायर काढली जाते. २१ कधी पूर्णच होत नाहीत. तो मोठा आकडा फक्त भीती घालण्यापुरता आहे.

तिसरी_घंटा

सुंदर फोड केलीत. याच्या अगदी उलट बांधणीचा नमुना म्हणजे अ‍ॅली वाँगचा 'बेबी कोब्रा' हा कार्यक्रम (नेटफ्लिक्स, २०१६). सात महिन्यांची गरोदर असताना तिने तो चित्रित केला. सगळ्यांना तेच आठवतं, पण खरं काम दुसरीकडेच झालंय.

जवळजवळ तासभर ती एकच चित्र रंगवते: मला काम करायचं नाही, घरात आडवं पडून राहायचंय, म्हणून हार्वर्डला शिकलेला नवरा गाठला आणि त्याला जाळ्यात ओढलं. हा धागा दर काही मिनिटांनी परत येतो, प्रत्येक वेळी वेगळ्या विषयाच्या आडून. प्रेक्षक तो सत्य म्हणून स्वीकारतो, कारण त्यावर हसून झालेलं असतं. ज्यावर आपण हसलो त्यावर आपण शंका घेत नाही. शेवटी ती सांगते की लग्नाच्या तोंडावर कळलं, नवऱ्याच्या डोक्यावर ७० हजार डॉलरचं कर्ज आहे, आणि ते मीच फेडलं. म्हणजे जाळ्यात कोण अडकलं?

ही माहिती दहाव्या मिनिटाला दिली असती तर एक बरा जोक झाला असता. तासाच्या टोकाला दिल्यामुळे मागचे सगळे जोक पुन्हा उलटे वाचावे लागतात. मुलेनी माहिती आधी देऊन हसवतो, वाँग ती अडवून ठेवून हसवते. अडवून ठेवायची असेल तर एक अट आहे: आधीचं खोटं चित्र स्वतःच्या बळावर हसवणारं हवं. ते नुसतंच शेवटाची तयारी करत असेल तर लोक शेवटापर्यंत थांबत नाहीत.

सावळा_पडदा

अमेरिकन विनोदवीर टिग नोटारो राहिली. ३ ऑगस्ट २०१२, लॉस एंजेलिसमधलं लार्गो हे कार्यक्रमगृह. न्यूमोनिया, पोटाचा गंभीर जंतुसंसर्ग, पडल्यामुळे आईचा मृत्यू, नातं तुटणं, हे सगळं काही महिन्यांत घडलेलं. त्यावर स्तनांच्या कर्करोगाचं निदान होऊन मोजके दिवस झालेले. ती मंचावर येते आणि नेहमीच्या नमस्कार-चमत्काराच्या सुरात, त्याच दमात, मला कॅन्सर आहे असं सांगते.

लक्ष द्यायचं ते सुराकडे. वाक्याआधी पॉज नाही, चेहऱ्यावर गांभीर्य नाही. प्रेक्षक आधी सवयीने हसतात, मग हसणं मध्येच तुटतं, मग कोणीतरी हळहळतं. पुढची काही मिनिटं ती प्रेक्षकांचंच सांत्वन करते. भूमिकांची ही अदलाबदल हेच त्या सेटचं (सलग सादरीकरणाचं) इंजिन आहे.

आणि शेवट. मध्यावर ती विचारते की मी आपले नेहमीचे हलकेफुलके जोक करू का? लोक नको म्हणतात. तरीही सेट संपवताना ती एक जुना, निरुपद्रवी जोक करते: ४०५ क्रमांकाच्या महामार्गावर ती गाडीत अडकलीय आणि शेजारून एक मधमाशी तिला ओलांडून पुढे जाते. एरवी तो पाच सेकंदांचा जोक. त्या रात्री सभागृह फुटलं, कारण अर्धा तास दाबून ठेवलेल्या माणसांना कुठेतरी साधं हसायचं होतं.

नवा_भिडू

एक प्रामाणिक प्रश्न. ऑस्ट्रेलियन विनोदवीर हॅना गॅड्सबीचा 'नॅनेट' हा कार्यक्रम स्टँड-अप म्हणायचा का? शेवटची वीस मिनिटं कोणीच हसत नाही. ते भाषण झालं ना?

तिसरी_घंटा

नवा_भिडू, हा आक्षेप २०१८पासून घेतला जातोय आणि मला तो पटत नाही. कारण 'नॅनेट'चा विषयच जोकची बांधणी हा आहे आणि ती ते पुरावा देऊन सिद्ध करते.

तिचं म्हणणं असं: जोकचे भाग दोन, सेटअप (पंचाआधीची मांडणी) आणि पंच. गोष्टीचे भाग तीन, सुरुवात, मध्य आणि शेवट. जोक करायचा तर गोष्ट मध्यावरच कापावी लागते, कारण ताण तिथे सर्वांत जास्त असतो आणि पंच म्हणजे तो ताण सोडणं. शेवट कधी सांगितलाच जात नाही.

आता पुरावा. सुरुवातीच्या भागात ती बसथांब्यावरचा प्रसंग सांगते. एका माणसाला वाटतं की कोणी पुरुष आपल्या मैत्रिणीशी सलगी करतोय. तो अंगावर धावून येतो, मग लक्षात येतं की समोर बाई आहे, आणि माफी मागून मागे सरतो. सभागृह खळखळून हसतं. शेवटाकडे ती त्याच प्रसंगाकडे परत येते आणि कापलेला भाग जोडते: तो परत आला, त्याने मारलं आणि कोणी मध्ये पडलं नाही. समलैंगिकता १९९७पर्यंत गुन्हा असलेल्या ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियातली ही गोष्ट. आपण हसलो होतो ते अर्ध्या गोष्टीवर, हे प्रेक्षकाला सभागृहात बसल्या बसल्या कळतं.

हे भाषणात जमत नाही. यासाठी पहिला जोक खरोखर चांगला जोक असावा लागतो आणि प्रेक्षक खरोखर हसलेला असावा लागतो. तांत्रिकदृष्ट्या तो कॉलबॅकच (आधीच्या जोककडे पुन्हा वळणं) आहे, फक्त दुसऱ्यांदा आल्यावर हसू देत नाही. पुढच्या 'डग्लस'मध्ये (२०२०) तिने मुलेनीसारखं उलट केलं. सुरुवातीलाच पूर्ण कार्यक्रमाची रूपरेषा वाचून दाखवली, कुठे तुम्हाला राग येईल तेही सांगितलं, आणि मग बरहुकूम तसंच करून दाखवलं.

मागची_रांग

सहमत. आणि ज्यांना ताण-मोकळीक हे प्रकरण कानाने समजून घ्यायचंय त्यांनी ब्रिटिश विनोदवीर स्टुअर्ट लीचा पेअर सायडरचा (नासपतीच्या दारूचा) बिट ऐकावा. २०१०च्या 'इफ यू प्रिफर अ माइल्डर कॉमेडियन, प्लीज आस्क फॉर वन'मधला. एका जाहिरातीतलं वाक्य आपल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली म्हण आहे आणि ती चोरली गेली, असा त्याचा आव. ते वाक्य तो इतक्या वेळा घोळवतो की हशा आधी वाढतो, मग ओसरतो, मग साफ मरतो, मग लोक कंटाळतात आणि त्यानंतर पुन्हा हसू लागतात, या वेळी त्याच्या चिकाटीला.

नवे लोक पुनरुक्ती करून पाहतात आणि हशा मेला की घाबरून थांबतात. म्हणजे नेमकं खड्ड्यात थांबतात. पलीकडे जायची तयारी नसेल तर दोन-तीन वेळांवरच आवरावं. मधलं काही नाही.

कट्टा_क्रमांक_४

जेम्स अ‍ॅकॅस्टरचा ब्रिटिश म्युझियमवरचा तुकडा मराठी माणसाला वेगळा भिडावा. जगभरातून आणलेल्या वस्तू लोक परत मागतात आणि ब्रिटनचं उत्तर असं की थांबा, आमचं बघून झालेलं नाही. साम्राज्याएवढ्या विषयाला खेळणं न सोडणाऱ्या पोराचं उत्तर. मुद्दा मांडायला एकही जड शब्द लागत नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४मध्ये साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या उसनवारीवर, हे डोक्यात ठेवून तो तुकडा बघा.

सावळा_पडदा

भारतातलेही दोन नमुने हवेत.

वीर दासचा 'टू इंडियाज', वॉशिंग्टनचं केनेडी सेंटर, नोव्हेंबर २०२१. प्रत्येक वाक्याची सुरुवात तीच, 'मी अशा भारतातून येतो जिथे', आणि पुढे विरोधाची जोडी. या साच्याचा फायदा म्हणजे सेटअप एकदाच लागतो, पुढे प्रत्येक वाक्य थेट पंचावर. तोटा असा की चौथ्या जोडीपासून ऐकणाऱ्याला लय कळते आणि तो पुढचं ओळखायला लागतो. त्यावर उपाय म्हणून हसवणाऱ्या जोडीच्या मागोमाग अजिबात न हसवणारी जोडी येते. लय तीच, पण पुढचं पाऊल कुठे पडेल याचा भरवसा नाही. भारतात त्यावरून पोलिसांत तक्रारी झाल्या. पुढे तो सगळा प्रकार त्याच्या 'लँडिंग'मध्ये आला आणि त्या कार्यक्रमाला २०२३चा आंतरराष्ट्रीय एमी मिळाला, 'डेरी गर्ल्स' या मालिकेबरोबर विभागून.

दुसरा झाकिर खानचा 'तथास्तु' (२०२२). इंदूरचं घर आणि सारंगीवादक आजोबा उस्ताद मोइनुद्दीन खान. इथे तो हशांमधलं अंतर मुद्दाम वाढवत नेतो. 'सख्त लौंडा'सारख्या तकियाकलामावर टाळ्या मिळवणाऱ्या कलाकाराला हे अवघड जातं, कारण लोक तेच वाक्य ऐकायला आलेले असतात. त्याने तासभर लोकांना आजोबांच्या गोष्टीत धरून ठेवलं, ही मला त्याची सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

नवा_भिडू

हे सगळं इंग्रजी-हिंदीत. मराठीत लिहिताना नेमकं काय वेगळं करावं लागतं? पाच मिनिटांचा सेट लिहायला घेतलाय आणि जोक कागदावर बरे वाटतात, बोलताना पडतात.

मागची_रांग

बहुधा तुमचा पंच वाक्याच्या मध्ये अडकतोय. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे धक्का देणारा शब्द आधी येऊन जातो आणि हशा उठायच्या वेळी तुम्ही अजून 'काढतात', 'होते', 'असं झालं' म्हणत असता. लोक तुमचं वाक्य ऐकायला हसू गिळतात आणि गिळलेलं हसू परत येत नाही.

उदाहरण घेऊ. सोसायटीच्या लिफ्टमध्ये सहा माणसांची मर्यादा आहे. कागदावरचं वाक्य: "सातवा माणूस शिरला की जो भाडेकरू असेल त्याला आमचे सेक्रेटरी लिफ्टमधून बाहेर काढतात." जोक 'भाडेकरू'पाशी झाला. त्यानंतर सात शब्द उरले.

आता फोडून: "लिफ्टमध्ये पाटी आहे, फक्त सहा माणसं. सातवा शिरला. सेक्रेटरींनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. म्हणाले, 'भाडेकरू कोण?'"

चार बदल केले. लांब वाक्याची छोटी वाक्यं केली. 'की' आणि 'जो' काढले, कारण जोडवाक्यात प्रेक्षकाला शेवटाचा वास येतो. 'सगळ्यांकडे एकदा बघितलं' हे वाढवलं, कारण तिथे अर्ध्या सेकंदाचा पॉज फुकट मिळतो. आणि पंच सेक्रेटरींच्या तोंडी दिला, म्हणजे क्रियापदाची गरजच संपली. मराठीत संवाद हा पंचाला शेवटी नेण्याचा सर्वांत सोपा मार्ग.

मग टॅग, म्हणजे नवा सेटअप न देता त्याच जोकवर आणखी एक हशा: "दोघं उतरले. तिसऱ्याने विचारलं, 'करार संपत आलाय, धरायचं का?'" एका सेटअपवर दोन किंवा तीन टॅग चालतात. चौथा टॅग तेव्हाच ठेवा जेव्हा तो तिसऱ्यापेक्षा जोरात वाजतो. पडणारा टॅग मागच्या चांगल्या हशाचीही आठवण पुसतो.

तिसरी_घंटा

यात एक भर. मराठी प्रेक्षकाला एकपात्रीची सवय आहे. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'त एकट्याने ५२ पात्रं उभी करायचे. त्यामुळे पात्र वठवलं की प्रेक्षक पटकन सोबत येतो, पण त्याच सवयीमुळे आपण वठवत राहतो. पाच मिनिटांत दोन पात्रं पुरे. सेक्रेटरी उभे करायला मान आणि आवाज एवढंच बदला, चाल आणि चष्मा नको. 'म्हणाले' हा शब्दही पहिल्यांदाच. पुढे आवाजावरून कळायला हवं कोण बोलतंय.

नवा_भिडू

खूप खूप धन्यवाद. पाच मिनिटांत साधारण किती मजकूर मावतो? आणि ओपन माइकला (कोणीही येऊन सादर करू शकेल असा कार्यक्रम) वेळेचं कसं असतं?

मागची_रांग

बोलण्याचा वेग मिनिटाला १२० ते १३० शब्द धरला तर पाच मिनिटांत ६०० ते ६५० शब्द होतात. पण हशाला जागा लागते, म्हणून ४५० शब्दांच्या वर लिहू नका. मिनिटाला चार हशे हे बरं प्रमाण. पहिला हशा २० सेकंदांच्या आत यायला हवा. नाव, गाव, नोकरी यात तो वेळ घालवू नका.

बहुतेक ओपन माइकमध्ये चार-पाच मिनिटं मिळतात आणि शेवटचं मिनिट उरलं की मागून दिवा किंवा मोबाइलचा टॉर्च दाखवतात. दिवा दिसला की नवीन बिट सुरू करायचा नाही. म्हणून शेवटचा जोक ४० सेकंदांत होणारा आणि कुठूनही उडी मारून गाठता येईल असा ठेवा. तिथे लिफ्टचा कॉलबॅक घाला. समजा मधले बिट पाण्याच्या टँकरवर आणि गणपतीच्या वर्गणीवर आहेत. शेवटी सोसायटीत बिबट्या शिरतो, सगळे गच्चीवर जमतात, सेक्रेटरी सगळ्यांकडे एकदा बघतात. इथे थांबा. प्रश्न प्रेक्षकच विचारतील. कॉलबॅकमध्ये मूळ पंच पुन्हा म्हणायचा नसतो. मूळ जोक आणि कॉलबॅक यांच्यात किमान दोन बिट्सचं अंतर हवं, नाहीतर तो टॅगच वाटतो.

सेट झाला की मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐका आणि कागदावर प्रत्येक पंचापुढे खूण करा: हशा, किरकोळ, शून्य. शून्य आलेला जोक लगेच टाकू नका. आधी सेटअप कापून बघा, मग क्रम बदलून बघा. वेगवेगळ्या तीन ठिकाणी शून्य आला तर टाका.

ध्वनी_विभाग

जोक पडण्याचं कारण अनेकदा माइक असतो, म्हणून लिहितोय.

माइक तोंडापासून तीन-चार बोटांवर, हनुवटीच्या किंचित खाली. वरची जाळी मुठीत धरू नका. आवाज घुसमटतो आणि शिट्टी वाजते. स्टँडवरून माइक काढलात की स्टँड उचलून मागे ठेवा, तुमच्या आणि लोकांच्या मध्ये काही नको. मुख्य स्पीकरच्या रेषेच्या पुढे येऊन उभं राहू नका, शिट्टीचं दुसरं कारण तेच. वाक्याचा शेवटचा शब्द बोलताना माइक खाली जाण्याची खोड जवळपास सगळ्यांना असते, आणि पंच तर शेवटच्याच शब्दात असतो.

हशा चालू असताना पुढचं वाक्य सुरू करू नका, पण तो पूर्ण विझेपर्यंतही थांबू नका. टोकाला जाऊन उतरायला लागला, साधारण निम्मा झाला, की बोला. उंच छताच्या सभागृहात हशा उशिरा पोचतो आणि घुमतो, तिथे वेग कमी करा. कमी उंचीच्या, भरलेल्या खोलीत तोच सेट अर्धा मिनिट लवकर संपतो. लोक विखरून बसले असतील तर निवेदकाला सांगून त्यांना पुढच्या खुर्च्यांवर आणा. शेजारी माणूस नसेल तर लोक मोठ्याने हसत नाहीत.

नवा_भिडू

बिबट्याचा शेवट वापरला तर चालेल का?

मागची_रांग

बिबट्या नको, तो इथे छापून झाला. रचना घ्या. तुमच्या सोसायटीत, वाड्यात किंवा ऑफिसात माणसं निवडून बाहेर काढायची वेळ कधी येते, त्याची यादी करा. दहा प्रसंग लिहा. पहिले तीन कोणालाही सुचतील, ते खोडा. चौथ्यापासून वाचायला सुरुवात करा.